रक्तातील शिसे आणि आपले वाचन : पश्चिम महाराष्ट्रातील धातुकामगारांवरील संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना

इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या व्याधींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. वैद्याने रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारलाच पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. तीनशे वर्षांनंतर पश्चिम महाराष्ट्रात हा प्रश्न गांभीर्याने विचारला गेला. अरुण जे. पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६-०७ च्या सुमारास बॅटरी बनविणारे, चांदीचे दागिने घडविणारे आणि रंगाची फवारणी करणारे कामगार यांच्या रक्ताची तपासणी करून निष्कर्ष प्रसिद्ध केले. या संशोधनाचे मोल आणि मर्यादा तपासणे, तसेच आपण ते कसे वाचतो याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संशोधनाचे मोल

शिसे रक्तावर कसा आघात करते, हे वैद्यकाला ज्ञात आहे. हिमोग्लोबिनमधील 'हीम' हा घटक शरीरात टप्प्याटप्प्याने तयार होतो. त्यातील 'अलाड' या नावाने ओळखले जाणारे विकर (एन्झाइम) शिसे निष्क्रिय करते. पुढे लोह जोडणाऱ्या विकरातही अडथळा आणते. तांबड्या पेशींचे आयुष्यही त्यामुळे घटते. परिणामी रक्तक्षय होतो. पाटील यांच्या गटाने हीच प्रक्रिया आपल्या भागातील कामगारांमध्ये दाखवून दिली. अलाडची क्रियाशीलता घटलेली, हिमोग्लोबिन उतरलेले आणि पेशींचे रक्षण करणारी विकरे क्षीण झालेली आढळली. बॅटरी कामगारांच्या रक्तातील शिशाची सरासरी दर डेसिलिटरला ५० मायक्रोग्रॅमहून अधिक होती. अमेरिकेच्या १९७८ च्या मानकानुसार सरासरी ५० वर पोहोचलेल्या कामगाराला त्या कामावरून दूर करावे लागते. चांदीकामगारांची सरासरीही याच्या जवळपास होती. चांदी म्हटली की कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीची पैंजणे आठवतात. परंतु चांदी शुद्ध करण्याच्या पारंपरिक पद्धतीत शिसे वितळवले जाते, हे फारसे कोणाला आठवत नाही. हे लक्षात आणून दिले, हे या संशोधनाचे श्रेय निर्विवाद आहे.

तीन मर्यादा

पहिली मर्यादा तुलनेच्या गटाची. शिशाशी संबंध नसलेल्या ज्या व्यक्ती तुलनेसाठी निवडल्या, त्यांच्या रक्तातही सरासरी सुमारे १२ मायक्रोग्रॅम शिसे होते. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, तरीही ही स्थिती होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आढळल्यास त्याचा उगम शोधावा, असे सांगितले. म्हणजे ज्याला 'निरोगी' म्हटले, तो गटही आजच्या निकषाने शिसेबाधितच ठरतो. संशोधकांनी त्यांच्या काळाची प्रचलित मोजपट्टी वापरली, हे मान्य केले पाहिजे. परंतु आज हे आकडे उद्धृत करताना आपण दोन गटांतील फरक तेवढा सांगतो आणि तुलनेच्या गटातील आकड्याकडे दुर्लक्ष करतो. हा दोष आपल्या वाचनाचा आहे.

दुसरी मर्यादा एकाच वेळी घेतलेल्या नमुन्याची. रक्तातील शिसे सुमारे महिन्याभरात निम्मे होते; हाडांत साठलेले शिसे मात्र अनेक वर्षे, दशकेही टिकते. त्यामुळे रक्तचाचणी प्रामुख्याने अलीकडचा संपर्क सांगते. शिवाय प्रकृती ढासळल्याने ज्याने काम सोडले, तो नमुना देण्यासाठी भट्टीजवळ उपस्थितच नसतो. जे टिकले त्यांच्यावरून काढलेली सरासरी खऱ्या हानीपेक्षा सौम्य असण्याची शक्यता असते. सुमारे तीस जणांच्या गटावरून पूर्ण व्यवसायाचे चित्र रेखाटणेही अवघड आहे.

तिसरी मर्यादा चौकटीची. हे संशोधन कामगाराच्या देहापाशी थांबते. शिशाची धूळ मात्र कपड्यांवरून घरी जाते. जेथे घर आणि कारखाना एकच आहे, तेथे तिला जावेही लागत नाही. शिसे गर्भापर्यंत पोहोचते आणि आहारात लोह कमी असेल तर शरीर ते अधिक शोषते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. म्हणजे धोका आणि त्याची वाट सुकर करणारी कमतरता एकाच घरात नांदतात.

कायदा आणि वास्तव

१९४८ च्या कारखाने अधिनियमातील सूचनीय रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा प्रथम क्रमांकावर होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत वीज वापरणारा कारखाना ठरण्यासाठी किमान २० कामगार आवश्यक आहेत. मूळ अधिनियमात ही संख्या १० होती. चार-पाच माणसांची भट्टी कारखान्याच्या व्याख्येत आधीही बसत नव्हती. आता ती आणखी दूर गेली आहे. ज्या ठिकाणी धूर कोंडतो, त्या ठिकाणी तपासनीस पोहोचत नाही.

समारोप

सोलापुरात आपण हा विषय कोल्हापूरचा म्हणून बाजूला ठेवू शकत नाही. महामार्गालगतच्या शहरात जुन्या बॅटऱ्या उघडण्याचे आणि डाग देण्याचे काम चालतेच, आणि त्या घरांतील मुले आपल्याच वर्गात बसतात. महाविद्यालयांत हिमोग्लोबिन तपासणीची शिबिरे होतात. आकडा कमी आला की लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. रक्तक्षयाचे कारण आहार हेच असेल, तर ते योग्यच आहे. परंतु कारण शिसे असेल, तर गोळ्या दिल्याने संपर्क थांबत नाही, आणि उपचार झाल्याचे समाधान मात्र सर्वांना मिळते. शिबिराच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा : घरात कोणी बॅटरी, चांदी, डाग किंवा रंगाचे काम करते काय? उत्तर होकारार्थी असेल, तर त्या विद्यार्थ्याला रक्तातील शिशाच्या चाचणीसाठी पाठवावे. रामाझिनींचा प्रश्न एवढाच आहे, आणि तो विचारण्यासाठी कोणत्याही अनुदानाची आवश्यकता नाही.