कोप, कौल आणि संवर्धन : देवराईच्या कथनाचे एक वाचन

१

पर्यावरणविषयक चर्चेत गेल्या काही दशकांपासून ‘स्थानिक शहाणपण’ आणि ‘धार्मिक मूल्ये’ या दोन संज्ञा जोडीने वावरताना दिसतात. लोक निसर्गाला देव मानत आले, म्हणून निसर्ग टिकला. तेव्हा ती श्रद्धा जागवली की संवर्धनाचे कार्य सुकर होईल, असा या जोडीमागील युक्तिवाद असतो. महाराष्ट्रात त्याचे ठळक उदाहरण म्हणून देवराई पुढे केली जाते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांचा पश्चिम घाटातील देवरायांवरील निबंध १९७६ मध्ये ‘इकॉनॉमिक बॉटनी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर देवराई हा वनस्पतिशास्त्र, मानवशास्त्र आणि वनव्यवस्थापन यांचा विषय झाला. साहित्यसमीक्षेने मात्र त्याकडे क्वचितच लक्ष दिले. वास्तविक, देवराईला कुंपण नसते, पहारेकरी नसतो. तिचे राखण करते ते कथन. ज्या वनाची सीमा मुख्यतः भाषेने आखलेली आहे, ते समीक्षेच्या कक्षेबाहेर कसे राहू शकते?

या चर्चेत साहित्याला एखादे सुभाषित पुरवण्याचे काम तेवढे दिले जाते. तुकारामांचा वृक्षवल्लींविषयीचा अभंग वृक्षारोपणाच्या फलकांवर आणि शासकीय पत्रकांत सर्रास आढळतो. परंतु त्या अभंगातील वन हे भक्ताने एकांतासाठी निवडलेले वन आहे. तेथे तो रमतो, भजन करतो, स्वतःच्या मनाशी संवाद साधतो. तेथील नाते सोयरेपणाचे आहे. देवराईत कोणी रमत नाही. पायातील वहाणा बाहेर ठेवून आत जायचे, देवीचे काम उरकायचे आणि परत फिरायचे, असा तेथील रिवाज असतो. तेथील नाते दराऱ्याचे आहे. संतकवितेतील आत्मीयता आणि ग्रामदैवताचा दरारा या दोन भिन्न भावस्थिती आहेत. त्यांना ‘धार्मिक मूल्ये’ या एकाच नावाखाली आणले, की दोहोंचेही वाचन चुकते.

२

देवराईच्या आख्यायिकांचा सांगाडा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. कोणीतरी लोभाने वा उर्मटपणाने राईतील झाड तोडतो. त्याची दृष्टी जाते, गुरे दगावतात किंवा कुऱ्हाड त्याच्यावरच उलटते. अखेर तो देवीला शरण येतो. निषेध आणि उल्लंघन ही कार्ये व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ मध्ये रशियन परीकथांच्या संदर्भात नोंदवली होती. परीकथेत उल्लंघनानंतर नायकाचा प्रवास सुरू होतो आणि शेवटी तो विजयी होतो. देवराईच्या आख्यायिकेला मात्र नायकच नाही. उल्लंघन करणारा बहुधा अनामिक असतो आणि कथेच्या अखेरीस विजय होतो तो स्थळाचा.

दुसरी गोष्ट अशी, की ही आख्यायिका स्थळापासून सुटी करता येत नाही. सांगणारा बोट दाखवून सांगतो : हेच ते झाड, हाच त्या घावाचा व्रण. येथे वन हे कथेचे घटनास्थळ आहे आणि तिचा पुरावाही आहे. कथा वनाला राखते आणि वन कथेला खरे ठरवते. हे परस्परावलंबन ध्यानात घेतले, की ‘श्रद्धा जागवा, वन वाचेल’ या सूत्रातील उणीव स्पष्ट होते. वन तोडल्यावर कथा केवळ स्मरणात उरते; आणि पुराव्याविना उरलेल्या कथेला धाक नसतो.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. देवराईचा निषेध सर्वत्र निरपवाद नाही. कोकणात गावकीच्या कामासाठी वा देवळाच्या दुरुस्तीसाठी लाकूड हवे असेल, तर काही ठिकाणी देवाला गाऱ्हाणे घालून कौल घेतला जातो. गुरव मूर्तीला पाकळ्या वा तांदूळ लावतो. ते उजवीकडून पडतात की डावीकडून, यावर होकार-नकार ठरतो. गाऱ्हाणे हा मौखिक परंपरेतील एक समर्थ वाक्प्रकार आहे. त्यात मागणारा, मागणीचे कारण आणि दिलेला शब्द हे सारे उच्चरवाने, सर्वांसमक्ष मांडावे लागते आणि प्रत्येक टप्प्यावर जमलेल्यांचा ‘व्हय महाराजा’ असा होकार मिळवावा लागतो. म्हणजे कोपाची आख्यायिका दार लावून घेते, तर गाऱ्हाणे ते विशिष्ट अटींवर किलकिले करते. संसाधनाच्या सार्वजनिक विनियोगाची ही भाषिक व्यवस्था आहे. व्यवस्थापनाच्या परिभाषेत तिचे भाषांतर ‘अंधश्रद्धेतून झालेले संवर्धन’ असे केले जाते, तेव्हा तिच्यातील विचारविनिमयाचा अंशच गळून पडतो.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचेही कारण नाही. गाऱ्हाणे कोणी घालायचे, मान कोणाचा, राईत कोणी किती आत जायचे, हे गावरहाटीने ठरवलेले असते आणि गावरहाटी ही जातींच्या उतरंडीवर उभी असते. स्त्रियांवरील विटाळाचे निर्बंध तर सर्वपरिचित आहेत. ज्या भाषेने वन राखले, तिनेच माणसांच्याही मर्यादा आखल्या. देशीयतेच्या आग्रहापोटी यांपैकी पहिली बाजू सांगून दुसरीविषयी मौन पाळणे, हे समीक्षेचे काम नव्हे.

३

धर्म वन राखतो, या विधानाची खरी कसोटी जीर्णोद्धाराच्या वेळी लागते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिॲलिटी’ (१९६२) या ग्रंथात मातृदेवतांच्या स्थानांचा मागोवा घेताना देवीच्या राईची परंपरा शेतीपूर्व जीवनापर्यंत मागे नेली. काळकाई, वाघजाई, सोमजाई, शिरकाई अशा नावांच्या या देवता पुष्कळदा तांदळ्याच्या रूपात, झाडाखाली, उघड्यावर असतात. देवीला छप्पर चालत नाही, अशीही समजूत अनेक ठिकाणी आढळते. या समजुतीचा आशय सौंदर्यदृष्ट्याही विचारात घ्यावा असा आहे : येथे वन हे देवळाचे आवार नसून वन हेच देऊळ असते.

गाव शहराशी जोडले गेले, हाती पैसा आला, की या देवीला सिमेंटचे देऊळ, सभामंडप आणि तेथवर नेणारी सडक मिळते. तिचे नाते पुराणातील एखाद्या महादेवीशी जोडले जाते. तांदळ्याच्या जागी घडीव मूर्ती येते. या बांधकामासाठी झाडे तोडली जातात, आणि तीही भक्तिभावाने. येथे श्रद्धा कमी झालेली नसते. ती वाढलेली असते. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात एका लोकदैवताच्या उन्नयनाचा विस्तृत शोध घेतला. अशा उन्नयनाने दैवताला व्यापक भक्तसमुदाय मिळतो, हे खरेच. परंतु देवराईच्या संदर्भात एक प्रश्न पुढे येतो : दैवत स्थळापासून मोकळे झाले, की त्या स्थळाचे काय होते? महादेवी कोठेही नांदू शकते. काळकाई तिच्या राईतच नांदते. म्हणून राखणदारी करते ती एकूण धार्मिकता नव्हे. ती करते विशिष्ट नावाच्या, विशिष्ट जागेला बांधलेल्या दैवताची कथा. ‘धार्मिक मूल्ये’ ही व्यापक संज्ञा हा भेद पुसून टाकते आणि जी प्रक्रिया राई नष्ट करते, तिलाच राईचे रक्षक ठरवते.

४

तर मग ग्रामस्थ केवळ भयाच्या भाषेतच विचार करतात काय? रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात गाणी या गावी काळकाईची राई आहे. १९७०च्या दशकाच्या आरंभी वनखात्याकडून या राईची तोड होण्याचा प्रसंग आला, तेव्हा ग्रामस्थांनी वर्तक यांच्याशी संपर्क साधला. वर्तक आणि गाडगीळ यांनी वनखात्याकडे शब्द टाकला आणि तोड टळली. या प्रसंगाकडे सहसा वैज्ञानिकांच्या हस्तक्षेपाची यशोगाथा म्हणून पाहिले जाते. तो ग्रामस्थांच्या भाषिक समजेचा प्रसंग म्हणूनही वाचता येतो. देवीचा कोप हा कचेरीत ग्राह्य धरला जाणारा युक्तिवाद नाही, हे त्यांनी ओळखले आणि जिची साक्ष तेथे चालते, त्या विद्येच्या जाणकाराला गाठले. परंपरेची भाषा त्यांनी सोडली नाही; दुसऱ्या भाषेत बोलू शकणारा दुभाषी शोधला. स्थानिक शहाणपण म्हणतात ते यातही आहे. व्यवस्थापनाच्या साहित्यात मात्र ‘स्थानिक’ माणूस नेहमी एकभाषीच रंगवलेला असतो.

आज कायद्याचीही भाषा देवराईपर्यंत पोचली आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ या शब्दाचा कोशगत अर्थ ग्राह्य धरला. १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थानातील ओरणांसंबंधीच्या निकालात त्याच न्यायालयाने त्यांची पाहणी करून त्यांना वन म्हणून अधिसूचित करण्याचे निर्देश दिले आणि अशा पवित्र वनांसाठी देशव्यापी धोरण आखण्याची शिफारस केंद्र शासनाला केली. हे संरक्षण स्वागतार्ह आहे. कथेचा धाक जेथे ओसरला, तेथे कायद्याचा धाक लागणारच. परंतु नोंदवहीत राईचे क्षेत्रफळ येईल, वृक्षांची मोजदाद येईल. गाऱ्हाण्यातील सर्वांसमक्ष मागण्याची अट त्या नोंदीत आपोआप येणार नाही. ग्रामसभेला निर्णयाचा अधिकार आणि पूर्वी दाराबाहेर ठेवलेल्यांना त्या सभेत आवाज मिळाला, तरच ती अट नव्या रूपात टिकेल.

समीक्षेचे कार्य येथे गौण नाही. आख्यायिका, गाऱ्हाणे, अभंग आणि निकालपत्र हे चार भिन्न प्रकारचे मजकूर आहेत. प्रत्येकाची बोलण्याची रीत आणि मौनाची जागा निराळी आहे. त्यांच्यातील भेद राखून वाचणे, हे देवराई वाचवण्याच्या कामाबाहेरचे नाही. राईतील एकेक झाड वेगळे ओळखणाऱ्या वनस्पतिशास्त्राने जी शिस्त पाळली, तीच राईविषयीच्या शब्दांच्या बाबतीत समीक्षेने पाळावी, एवढीच येथे अपेक्षा आहे.