जात्याची घरघर पुसायची का?

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी १९८०च्या दशकात गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. १९९०च्या दशकात संगीत आणि संगणक या दोन्हींचे जाणकार बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. ‘परी’ या संकेतस्थळावर २०१७ पासून हा ठेवा टप्प्याटप्प्याने ऐकायला मिळतो आहे.

या संग्रहाचा मोठा गुण म्हणजे आवाजासोबत दिलेली माहिती. गाणारीचे नाव, गाव, व्यवसाय, ध्वनिमुद्रणाची तारीख. या नोंदीशिवाय आवाज बेवारस होतो.

उणीव मात्र मोठी आहे. १२० तास म्हणजे ७,२०० मिनिटे. एका ओवीला अर्धे मिनिट धरले आणि मधल्या गप्पा सोडून दिल्या, तरी फार तर १४,४०० ओव्या त्यात बसतील. म्हणजे बहुतेक ओव्या कागदावरच राहिल्या. शब्द उरले, चाल आणि लय गेली.

आज साधन प्रत्येकाच्या खिशात आहे. फोन आवाजाच्या लहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतो आणि दर मोजणी १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर, नोंदवतो असे धरू. एका मिनिटाला सुमारे ५.३ मेगाबाइट जागा लागते. लहर सर्वांत वरच्या पायरीच्याही वर गेली, तर तिचा माथा छाटला जातो. हरवलेला माथा पुढे कोणत्याही संपादनाने जसाच्या तसा परत येत नाही. म्हणून पातळी आधीच थोडी खाली ठेवावी.

संपादनाच्या शिकवणीत बहुधा पहिल्याच दिवशी गोंगाट घालवण्याचे बटण दाखवतात. माझा आक्षेप इथे आहे. ‘ऑडॅसिटी’सारख्या मोफत प्रणालीला आपण नुसत्या गोंगाटाचा एक तुकडा देतो. त्यात कोणत्या कंप्रतेचा जोर किती, हे ती मोजते आणि ध्वनिमुद्रणात ज्या कंप्रता त्या जोराच्या वर उठत नाहीत त्या दाबून टाकते. पण ‘स’, ‘श’ ही व्यंजनेही फुसफुसच असतात, शिवाय क्षीण. गोंगाटाबरोबर तीही दबतात. वर्गात पंखा लावून ‘सशाने शेंगा सोलल्या’ हे वाक्य मुद्रित करा, बटण पूर्ण ताकदीने वापरा आणि मुलांना फरक ऐकू द्या. ओवीत तर जात्याची घरघर हाच गाणारीचा ताल. तो गोंगाट ठरवणारे आपण कोण?

हा प्रश्न मानोऱ्यात अधिक महत्त्वाचा आहे. बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेली पोहरादेवी याच तालुक्यात आहे. तांड्यांवरच्या वृद्ध स्त्रियांची गाणी गोरमाटीत आहेत. या बोलीला सर्वमान्य स्वतंत्र लिपी नाही; देवनागरीत लिहिताना उच्चार थोडे सरकतातच. म्हणून इथे कागद पुरणार नाही.

शाळांनी हे काम हाती घ्यावे. आजीची संमती घ्यावी, फोन वीतभर अंतरावर ठेवावा, सुरुवातीला नाव, तांडा आणि तारीख बोलून घ्यावी. कापाकापी प्रतीवर करावी. मूळ फाइल आहे तशी, दोन ठिकाणी जपावी. गोंगाट काय आणि गाणे काय, हे पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्यालाही ठरवता आले पाहिजे.