दारूच्या अद्भुतकथा आणि राजापूरची वखार

बंदुकीची दारू आणि मंत्रविद्या यांचा एकत्र संसार थाटणाऱ्या अद्भुत कादंबऱ्यांचा एक वर्गच अलीकडे इंग्रजी वाङ्मयांत निर्माण झाला आहे. ब्रायन मॅक्लेलन यांची 'प्रॉमिस ऑफ ब्लड' (२०१३) ही त्यांतील बहुचर्चित कृति होय. तींतील सेनापति तमास व त्याचे सोबती चिमूटभर दारू हुंगतात, तोंच त्यांची दृष्टि व बळ वाढतें. दूरची दारू ते केवळ इच्छेनें पेटवितात. राजाच्या पदरच्या मांत्रिकांविरुद्ध हे दारूचे सिद्ध उभे राहतात, ही योजना खरोखर चांगली साधली आहे. दारूनें पिढीजात शौर्याचा तोरा उतरविला, हा इतिहासाचा अनुभव तींत रूपकानें उतरला आहे.

अद्भुताचें आम्हांस वावडें नाहीं. ज्या राजापुरांत गंगा अकस्मात् प्रकट होते आणि तशीच लुप्त होते, तेथील मनुष्यास तें असूंही नये. कृष्णाजी अनंत सभासदानें इ. स. १६९४ च्या सुमारास लिहिलेल्या बखरींत अफजलखानाच्या प्रसंगापूर्वीं श्रीभवानी महाराजांस अभय देते. परंतु दबा धरून बसलेल्या फौजा उठतात त्या गडावरील तोफेचा आवाज ऐकून. देवीचें काम देवीकडे, तोफेचें तोफेकडे! बखरकारास हा विवेक सहज साधला आहे.

मॅक्लेलन यांच्या कथेंत दारू हीच मंत्र झाली, आणि आमचा आक्षेप येथेंच आहे. सोरा, गंधक व कोळसा यांचें हें मिश्रण कोणी तरी विकलें, कोणी तरी वाहून आणलें, ही गोष्ट तींत मागें पडते. इ. स. १६६० त सिद्दी जौहरानें पन्हाळ्यास वेढा घातला असतां राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन हा उखळी तोफ व गोळे घेऊन स्वतः तेथें गेला, आणि इंग्रजी निशाणाखालीं गडावर मारा झाला. व्यापाऱ्यानें लढाईंत पडूं नये हा संकेत त्यानें मोडला. मार्च १६६१ त महाराज राजापुरावर आले. वखार लुटली गेली, तिची जमीनही खणून काढण्यांत आली, आणि इंग्रज कैदेंत पडले. गोळे कोणाचे होते हें ठाऊक होतें, म्हणूनच जाब विचारतां आला. इच्छामात्रें पेटणाऱ्या दारूची वखार कोठें शोधावी?

कैदी सुटले ते इ. स. १६६३ त. पुढें १६७४ त राज्याभिषेकसमयीं हेन्री ऑक्झिंडन रायगडीं आला, तेव्हांही राजापूरच्या नुकसानभरपाईचें कलम वाटाघाटींत होतेंच. अशा कलमास जेथें जागा आहे, अशी दारूची अद्भुतकथा आमच्या पाहण्यांत अद्याप आलेली नाहीं.