शिखर खाली आलं, पण क्रॉसलिंक झालं का?

चाल्कोन किंवा सिनॅमेट गट असलेल्या प्रकाशसंवेदी पॉलिमरवरचे चार-पाच पेपर एका बैठकीत वाचून बघा. सांगाडा बहुधा तोच. मोनोमर, पॉलिमर, मग आयआर, एनएमआर, टीजीए. त्यानंतर क्लोरोफॉर्ममधलं पातळ द्रावण मर्क्युरी दिव्याखाली ठेवायचं आणि यूव्ही शोषणाचं शिखर मिनिटागणिक कसं उतरतं ते दाखवायचं. शेवटी ठरलेलं वाक्य: हा पॉलिमर फोटोरेझिस्ट म्हणून उपयोगी पडू शकतो.

आलेखाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्या वाक्याबद्दल आहे.

दोन साखळ्यांवरचे दुहेरी बंध जुळून सायक्लोब्युटेनची चौकोनी कडी झाली की शोषण घटतं, हे खरं. पण ट्रान्सचं सिस झालं तरी ते घटतं. एकाच साखळीवरचे दोन शेजारी गट आपसात जुळले तरी घटतं. यातल्या फक्त पहिल्या प्रकारात जाळं विणलं जातं. त्यात पातळ द्रावणात साखळ्या एकमेकींपासून लांब असतात. श्मिट यांनी १९६४ मध्ये सिनॅमिक आम्लाच्या स्फटिकांवरून दाखवलं की दुहेरी बंध साधारण ४.२ अँगस्ट्रॉमच्या आत हवेत. म्हणजे प्रश्न जवळिकीचा आहे, आणि प्रयोग आपण करतो ती जवळीक नसलेल्या ठिकाणी! २५४ नॅनोमीटरचा दिवा वापरलात तर ती कडी उलटी तुटूही शकते, हे वेगळंच.

लग्नपत्रिका छापणारा स्क्रीन प्रिंटर या बाबतीत आपल्यापेक्षा काटेकोर आहे. तो पॉलिव्हिनाइल अल्कोहोलमध्ये बायक्रोमेट मिसळून जाळीवर लावतो, वाळवतो, वर पॉझिटिव्ह ठेवून उजेड देतो आणि पाण्याने धुतो. उजेड लागला ते टिकतं, झाकलेलं वाहून जातं. (त्यातलं सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक आहे, हातमोजे घाला.) कोडॅकमध्ये मिन्स्क यांच्या पॉलिव्हिनाइल सिनॅमेटचीही कसोटी हीच होती: थर, मुखवटा, उजेड, द्रावक, आणि मागे काय उरलं.

पोंभुर्णा, गोंडपिपरी, सिरोंचाकडून गोंडवाना विद्यापीठात पीएच.डी.ला येऊ पाहणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतोय. एनएमआरसाठी नमुना बाहेर पाठवावा लागतो, पैसे भरा, महिनाभर वाट बघा. आणि ज्याने दावा खरा-खोटा ठरतो ती जेल-अंशाची चाचणी मात्र वजनकाटा, काचपट्टी आणि द्रावक यांवर होते. थर लावा, वाळवा, तोला. उजेड द्या, द्रावकात बुडवून ठेवा, पुन्हा वाळवा, तोला. उरलेलं भागिले मूळ, गुणिले शंभर.

नुसतं '१२५ वॅटचा दिवा, १० मिनिटं' असं लिहू नका. दिवा किती लांब होता त्यावर सगळं बदलतं. थरावर दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिवॅट पडले ते मोजा, त्याला सेकंदांनी गुणा, म्हणजे मात्रा मिलिज्यूलमध्ये मिळेल. रेडिओमीटर विभागात नसेल तर मागून आणा. अशा पाच-सहा मात्रांवर किती थर उरला ते मांडलं की संवेदनशीलताही कळते आणि कॉन्ट्रास्टही.

मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन चालेल का? भागेल, पण त्याची तीव्रता तासागणिक बदलते आणि थर तापतो. मग जाळं उजेडाने झालं की उष्णतेने, हे कसं सांगणार? म्हणून एक थर काळ्या कागदात गुंडाळून त्याच तापमानाला तेवढाच वेळ ठेवा. तो त्याच द्रावकात पूर्ण विरघळला पाहिजे. पेपर वाचताना मी आधी हीच ओळ शोधतो.