तोंडी परीक्षेतील मौन : मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांतील इंग्रजी संभाषणाच्या मूल्यमापनाची चिकित्सा

प्रस्तावना :

महाराष्ट्रात भाषाशिक्षणाविषयीचे वाद प्रामुख्याने दोन प्रश्नांभोवती फिरतात. कोणती भाषा शिकवावी आणि ती कोणत्या इयत्तेपासून शिकवावी, हे ते दोन प्रश्न होत. २०२५ साली पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून राज्यभर चर्चा झाली आणि २९ जून रोजी शासनाने त्यासंबंधीचे निर्णय मागे घेतले. या चर्चेतही शिकवलेली भाषा मुलाला बोलता येते किंवा नाही, हे शाळेने कसे ओळखावे, हा तिसरा प्रश्न मागेच राहिला. प्रस्तुत लेखात मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांतील इंग्रजीच्या तोंडी मूल्यमापनाची चिकित्सा केली असून त्यासाठी पुण्यातील येरवडा परिसराचा संदर्भ घेतला आहे. हा संदर्भ योगायोगाचा नाही. इंग्रजी बोलण्याच्या अभ्यासाचे आणि अध्यापनाचे दोन महत्त्वाचे धागे याच परिसराशी जोडलेले आहेत.

धोरणाची पार्श्वभूमी :

जून २००० पासून महाराष्ट्रातील सर्व मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्यापूर्वी हा विषय पाचवीत येत असे. तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांच्या काळातील या निर्णयामागे सामाजिक न्यायाची भूमिका होती. इंग्रजी ही मूठभरांची मिरासदारी राहू नये, शुल्क भरू न शकणाऱ्या पालकांच्या मुलांनाही ती लहान वयातच मिळावी, असा त्याचा आशय होता. पहिली-दुसरीत ऐकणे आणि बोलणे यांना प्राधान्य असणार, हेही ओघानेच आले. ज्या वयात मूल मातृभाषेची अक्षरेच गिरवीत असते, त्या वयात परक्या भाषेचे लेखन हे उद्दिष्ट असू शकत नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ ने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचे तत्त्व स्वीकारले. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने त्याची कार्यपद्धती ठरवून दिली. पहिली-दुसरीसाठी आकारिक मूल्यमापनाला ७० आणि संकलित मूल्यमापनाला ३० टक्के भारांश मिळाला. इयत्तेगणिक हे प्रमाण बदलत जाऊन सातवी-आठवीत ते ४० आणि ६० असे झाले. आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण व तोंडी काम यांचा समावेश झाला आणि संकलित मूल्यमापनातही तोंडी-प्रात्यक्षिकासाठी १० गुण राखले गेले. कागदावर पाहता बोलण्याला असे स्थान देणारी ही व्यवस्था पुरोगामीच म्हणावी लागेल.

दहा गुणांत नेमके काय मोजले जाते?

अडचण या गुणांच्या आशयात आहे. तोंडी परीक्षेत सामान्यतः नाव, शाळा, आठवड्याचे वार, रंगांची नावे विचारली जातात किंवा एखादी कविता म्हणून घेतली जाते. ‘व्हॉट इज युवर नेम?’ या प्रश्नाला ‘माय नेम इज...’ असे उत्तर देणारे मूल वाक्य रचीत नसते, ऐकलेला एक अखंड साचा परत करीत असते. असे साचे भाषा शिकण्याच्या आरंभी आवश्यक असतात, त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु पहिलीत ज्या साच्याला गुण दिले, त्यालाच पाचवीतही गुण दिले गेले, तर मधल्या चार वर्षांत काय घडले हे समजण्याचा मार्गच उरत नाही. घोकंपट्टी हटवण्यासाठी आलेली पद्धती घोकंपट्टीलाच गुण देते, म्हणजे ‘येरे माझ्या मागल्या’ अशीच स्थिती होते.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. सूचना ऐकून अचूक कृती करणारे, चित्रातील वस्तू बोटाने बरोबर दाखवणारे, पण तोंडाने काहीच न बोलणारे मूल प्रत्येक वर्गात असते. दुसरी भाषा शिकताना आकलन आधी येते आणि उच्चारण मागून, ही बाब बालभाषेच्या अभ्यासकांना परिचित आहे. पेनी मॅके यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या लहान वयाच्या भाषा-अध्येत्यांच्या मूल्यमापनावरील ग्रंथात मुलांची वाढ, त्यांची साक्षरता आणि मूल्यमापनाचा त्यांच्या मनावर होणारा परिणाम, या तिन्हींचा विचार आवश्यक मानला आहे. गुणपत्रकाला मात्र मौनाचे प्रकार माहीत नसतात. समजूनही न बोलणारे आणि काहीच न समजलेले, ही दोन्ही मुले तेथे एकाच रकान्यात जातात.

पूर्वी या चुकीची किंमत मर्यादित होती. २०२३-२४ पासून मात्र राज्यात पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा, अनुत्तीर्णांसाठी पुनर्परीक्षा आणि तीतही अपयश आल्यास त्याच वर्गात राहणे अशी तरतूद आली. पाचवीच्या ५० गुणांपैकी १० तोंडीचे आहेत आणि उत्तीर्णतेसाठी ३५ टक्के, म्हणजे सुमारे १८ गुण लागतात. म्हणजेच तोंडीचे दहा गुण उत्तीर्णतेच्या निम्म्याहून अधिक वाटा उचलू शकतात. ते सढळ हाताने दिले तर लेखनातील उणीव झाकली जाते आणि मौनाला शून्य दिले तर समज असलेले मूल मागे राहू शकते.

तोंडी गुणांच्या विश्वासार्हतेचा प्रश्न माध्यमिक स्तरावर एकदा उघडपणे पुढे आला होता. २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत भाषा विषयांचे अंतर्गत गुण रद्द झाले. राज्याचा निकाल २०१८ मधील ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढील शैक्षणिक वर्षात हे गुण पुन्हा सुरू झाले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. २०१९ साली अभ्यासक्रमही नवा होता, त्यामुळे सारी घट याच एका कारणावर लादता येणार नाही. मात्र त्या वेळची चर्चा गुण असावेत की नसावेत एवढ्यावरच थांबली. ते गुण विद्यार्थ्याच्या बोलण्याविषयी काय सांगतात, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही.

येरवड्यातील दोन धागे :

येरवड्यातील डेक्कन कॉलेज ही भाषाविज्ञानाच्या अध्ययनाची मान्यवर संस्था आहे. येथे दीर्घकाळ अध्यापन केलेले डॉ. अशोक रा. केळकर यांनी १९५७ साली ‘वर्ड’ या नियतकालिकात ‘मराठी इंग्लिश’ या शीर्षकाचा निबंध प्रसिद्ध केला. मराठी भाषकाच्या इंग्रजीतील परकी धाटणी हा त्याचा विषय होता. मूल्यमापनाच्या दृष्टीने या विषयाचे महत्त्व असे की, धाटणी नियमबद्ध असते आणि तिचे मूळ पहिल्या भाषेत असते. मराठी मूल इंग्रजीतील दोन वेगळे ध्वनी एकाच ‘व’ने उच्चारते किंवा ‘ट’ मूर्धन्य करते, तेव्हा ते अभ्यासात मागे असते असे नव्हे. ते आपल्या भाषेची ध्वनिव्यवस्था वापरीत असते. पुढे रा. कृ. बन्सल यांनी १९६९ च्या अभ्यासात भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेचा विचार केला. ‘उच्चार इंग्रजांसारखा आहे का?’ आणि ‘बोललेले ऐकणाऱ्याला समजते का?’ हे दोन प्रश्न भिन्न आहेत. शाळेने दुसरा विचारावयास हवा. प्रत्यक्षात निकष लिहिलेलेच नसल्याने पहिला प्रश्न नकळत शिरकाव करतो.

दुसरा धागा सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या १९८४ साली स्थापन झालेल्या, डेक्कन कॉलेज रस्त्यावरील संस्थेचा. तिचा ‘वी लर्न इंग्लिश’ हा श्राव्य कार्यक्रम आकाशवाणीद्वारे शाळांपर्यंत पोहोचला. मातृभाषेचा आधार घेत इंग्रजी ऐकवावे, मध्ये विराम ठेवावा आणि त्या विरामात मुलांनी बोलावे, अशी त्याची रचना होती. शिक्षकाचे स्वतःचे इंग्रजी बेताचे असले तरी मुलांच्या कानावर ओघवती भाषा पडावी, हे त्याचे खरे बळ होय. परंतु अशा पद्धतीची मर्यादाही तिच्या रचनेतच आहे. विरामात वर्ग एका सुरात बोलतो, त्या समूहस्वरात कोणते मूल बोलले आणि कोणी फक्त ओठ हलवले, हे कळत नाही. समूहस्वर ही अध्यापनाची उत्तम युक्ती असली तरी ती मूल्यमापनाची जागा घेऊ शकत नाही.

बहुभाषिक वस्ती आणि एकभाषिक निकष :

येरवड्यासारख्या श्रमिक वस्तीच्या परिसरात मराठीबरोबर हिंदी, दखनी, तेलुगू, कन्नड अशा भाषा घरोघरी बोलल्या जातात. येथील अनेक मुलांच्या दृष्टीने शाळेची प्रमाण मराठी हीच घराबाहेरची भाषा ठरते आणि इंग्रजी ही तिसरी वा चौथी. दुसरीकडे, याच मुलांच्या रोजच्या बोलण्यात सिग्नल, रिव्हर्स, रिचार्ज, ड्युटी, गेट, बिल असे शब्द सहजपणे येतात. म्हणजे शब्दसंग्रह शून्य नसतो, परीक्षा त्याला हात घालीत नाही एवढेच. पाठ्यपुस्तकातील अपरिचित चित्राऐवजी बसथांबा, भाजीची गाडी वा चौकातील सिग्नल यांचे चित्र समोर ठेवले, तर बोलण्याचा आरंभ ओळखीच्या शब्दांतून होऊ शकतो.

बाह्य मापनांचीही येथे फारशी मदत होत नाही. ‘असर’ सर्वेक्षणाने २००७ पासून काही वर्षी मुलांचे इंग्रजी तपासले. परंतु त्यात अक्षरे, शब्द व सोपी वाक्ये वाचणे आणि त्यांचा अर्थ सांगणे एवढाच भाग असतो, शिवाय ते ग्रामीण भागापुरते आहे. केंब्रिजच्या लहान मुलांसाठीच्या परीक्षांत प्रत्येक मुलाशी समोरासमोर संभाषण होते, कोणालाही नापास केले जात नाही आणि पाचपर्यंत ढालींच्या रूपाने यश नोंदवले जाते. ही वृत्ती अनुकरणीय आहे. मात्र सशुल्क परीक्षा आणि प्रशिक्षित परीक्षक ही चौकट महानगरपालिकेच्या शाळेला जशीच्या तशी पेलणारी नाही.

शक्य असलेला पर्याय :

वेळ नाही, हा सर्वांत रास्त आक्षेप आहे. तीस मुलांच्या वर्गात प्रत्येकी चार मिनिटे दिल्यास १२० मिनिटे लागतात. तीच परीक्षा जोड्यांत घेतल्यास पंधरा जोड्यांना साठ मिनिटे पुरतात. जोडीत बोलताना मुलाची भीड कमी होते आणि प्रश्न विचारण्याची संधीही त्याला मिळते. दहा गुणांची विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल : सूचना समजून कृती करणे ३, प्रश्नाला एका शब्दाने का होईना प्रतिसाद देणे ३, न शिकवलेले दोन-तीन शब्दांचे स्वतःचे बोल जुळवणे २ आणि बोललेले समजणे २. धाटणीला गुण नाहीत आणि मराठीचा आधार घेतल्याबद्दल वजावटही नाही. या विभागणीत समज असलेल्या मूक मुलाला शून्य मिळत नाही आणि केवळ पाठांतर करणाऱ्याला पैकीच्या पैकी मिळत नाहीत.

शिक्षकांची आत्मनिष्ठता हा दुसरा आक्षेप. त्यावर शेजारच्या दोन वर्गांच्या शिक्षकांनी परस्परांच्या काही जोड्यांचे बोलणे ऐकून गुणांची तुलना करणे, हा खर्चाविना करता येण्याजोगा उपाय आहे. त्याने मतभेद संपणार नाहीत, पण ते दिसू लागतील. ज्या शिक्षकाला स्वतःच इंग्रजी बोलताना संकोच वाटतो त्याची अडचण मात्र गुणविभागणीने सुटणारी नाही. तेथे प्रशिक्षणाला पर्याय नाही.

समारोप :

पहिलीपासून इंग्रजी देण्याच्या निर्णयाने समान संधीचे आश्वासन दिले होते. पंचवीसहून अधिक वर्षांनंतर त्या आश्वासनाची परीक्षा पुस्तकांच्या आणि तासिकांच्या संख्येने होणार नाही. येरवड्याच्या एखाद्या शाळेतील पाचवीचे मूल अनोळखी प्रश्नाला आपल्या धाटणीत, अडखळत का होईना, स्वतःचे उत्तर देते का, हे पाहावे लागेल. त्यासाठी मूल्यमापनाने आधी ऐकावयास शिकले पाहिजे. तोंडीचे दहा गुण हे उत्तीर्णतेची तूट भरून काढण्याचे साधन न राहता शिक्षकाला पुढील अध्यापनाची दिशा दाखवणारी नोंद झाले, तरच त्या गुणांना अर्थ येईल.