परमेश्वराची निवृत्ती : एका वादाचे परीक्षण

ईश्वर आहे की नाही, हा वाद मराठी मनाला नवा नाही. १८८८ साली 'सुधारक' काढून गोपाळ गणेश आगरकरांनी धर्माच्या नावावर चालणाऱ्या रूढींना बुद्धीच्या न्यायासनापुढे उभे केले. शंभर वर्षांनंतर तोच वारसा डॉ. श्रीराम लागू व डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी चालविला. परमेश्वर ही माणसाची एकेकाळची सुंदर कल्पना असेल. परंतु तिला पुरावा नाही आणि तिच्या नावावर अपार अन्याय झाला, सबब परमेश्वराला आता 'रिटायर' करावे, असे डॉ. लागूंचे प्रतिपादन होते. दाभोलकर त्याच व्यासपीठावरून निराळी भूमिका मांडीत. आपली चळवळ देवाधर्माविरुद्ध नसून देवाधर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणाविरुद्ध आहे, असे ते सांगत. त्यांच्या 'तिमिरातुनी तेजाकडे' (२०१०) या ग्रंथाची बैठकही हीच आहे. ख्रिस्ती वाचकाने या दोघांकडे पाठ फिरवू नये, असे आम्हांस वाटते.

'रिटायर' हा शब्द वालचंदनगरच्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. इंदापूर तालुक्यातील हे गाव कारखान्याभोवती वसले. येथे निवृत्तीची तारीख घराघरांत ठाऊक असते. निवृत्त होतो तो नेमलेला माणूस. त्याच्याकडे खाते असते आणि कामात कसूर झाल्यास त्याला जाब विचारता येतो. डॉ. लागूंनी ज्याला निवृत्त केले, तो परमेश्वर असाच खातेप्रमुख आहे. पाऊस, आरोग्य, न्याय ही खाती त्याने नीट सांभाळली नाहीत, ही त्यांची तक्रार. नवस घेऊन काम करणाऱ्या अशा देवाला निरोप द्यावयास आमची हरकत नाही. यज्ञबळींनी लाच देऊ पाहणाऱ्यांना इस्राएलच्या संदेष्ट्यांनी यापूर्वीच फटकारले आहे. ख्रिस्ती श्रद्धेचा परमेश्वर खुर्चीवर नव्हे, क्रूसावर भेटतो. डॉ. लागूंचा युक्तिवाद त्या क्रूसापर्यंत पोहोचत नाही, ही त्याची उणीव होय. मात्र क्रूसाकडे बोट दाखविल्याने निष्पापाच्या वेदनेचा प्रश्न मिटला, असे आम्ही म्हणणार नाही. ईयोबाचाही तो मिटला नव्हता.

नास्तिक म्हणजे नीतिहीन, हा आपल्या घरांतून ऐकू येणारा समज मात्र टाकून दिला पाहिजे. वालचंदनगर वसविणारे शेठ वालचंद हिराचंद जैन कुळातले. जैन दर्शन सृष्टिकर्ता ईश्वर मानीत नाही. तरीही अहिंसा आणि अपरिग्रह यांची त्याची शिकवण कोणत्याही धर्माला मान खाली घालावयास लावील. खुद्द डॉ. लागूंनी कार्यकर्त्यांच्या योगक्षेमासाठी 'सामाजिक कृतज्ञता निधी' उभारण्यास आपली नाट्यकला राबविली. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायाच्या दिवशी भुकेल्याला अन्न दिले की नाही, हे विचारले जाते. तो प्रश्न आठवला, की अशा नास्तिकाविषयी बोलताना जीभ आपोआप आवरते.

राहिला पुराव्याचा मुद्दा. वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांची मोटर-केसिंग तयार झाली आहेत. अशा कामात वेल्डिंगचा प्रत्येक जोड तपासावा लागतो. तपासणारा निरीक्षक वेल्डरचा शत्रू नसतो. आकाशात जो जोड फुटेल, तो जमिनीवरच सापडावा, एवढीच त्याची धडपड असते. श्रद्धेची चिकित्सा करणाऱ्याकडे आपण याच दृष्टीने का पाहू नये?

मार्च २०१२ मध्ये मुंबईत इर्ला येथील वेलंकणी मातेच्या चर्चजवळ क्रूसमूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. लोक ते तीर्थ म्हणून भरून नेऊ लागले. बुद्धिवादी सनल एडामरुकू यांनी पाहणी केली. तुंबलेल्या नाल्याचे पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढत असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे दूरचित्रवाणीवरील चर्चेत त्यांनी चर्चवर कठोर टीका केली. त्यावरून काही कॅथलिकांनी धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी पोलिसांत केल्या. त्याच वर्षी ते फिनलंडला गेले. चर्चने त्या पाण्याला चमत्कार म्हटले नव्हते, हे खरे. एडामरुकूंची भाषा बोचरी होती, हेही खरे. परंतु बोचऱ्या शब्दाला उत्तर शब्दानेच द्यावयाचे असते. आणि सांडपाणी तीर्थ म्हणून पिण्यापासून भाविकांना ज्याने सावध केले, त्याचे आभार प्रथम आपणच मानावयास हवे होते.

चिकित्सा ख्रिस्तसभेला परकी नाही. लूर्द येथे १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. बरे झाल्याचे हजारो दावे पुढे आले, तरी चमत्कार म्हणून मान्यता मिळाली ती सत्तरेक घटनांना. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने तर १९६५ साली आपल्या आधुनिक जगाविषयीच्या घोषणापत्रात मान्य केले, की नास्तिकतेच्या जन्माला श्रद्धावंतांचाही हातभार लागतो. परमेश्वराचे मुख आपल्याच वागण्याने झाकले जाते, हे त्या विधानाचे मर्म.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. मारेकऱ्यांच्या गोळ्यांनी कोणत्याही देवाचे अस्तित्व सिद्ध केले नाही. आपली मुले शिकतात, शंका घेऊन घरी येतात. रात्रीच्या रोझरीनंतर एखाद्याने विचारले, "देव आहे कशावरून?" तर त्याला गप्प बसवू नये. दटावून गप्प केलेला मुलगा उद्या चर्चला येईल, परवा येणार नाही. त्याच्यासह दाभोलकर वाचावेत, ईयोबही वाचावा. आपला जोड पक्का असेल, तर तपासणीस आपण का भ्यावे?