बहिरेपणाचा कोन

चित्रकार कर्णबधिर आहे एवढे कळले, की आपल्या समीक्षेला ‘मौन’, ‘निःशब्द’, ‘अंतर्नाद’ असे शब्द भराभर सुचू लागतात. स्पॅनिश चित्रकार गोयाचेच पाहा. 1792-93च्या आजारात त्याची श्रवणशक्ती गेली, म्हणून त्याने ती भयाण काळी चित्रे रंगवली, असे सर्रास लिहिले जाते. आजार आणि ही चित्रे यांच्या मधली पंचवीसेक वर्षे गेली कुठे? बहिरा झाल्यावरही तो दरबारी मंडळींची अव्वल व्यक्तिचित्रे करतच होता. काळी चित्रे ज्या घराच्या भिंतींवर होती, त्याला ‘बहिऱ्याचे घर’ म्हणत. पण तो बहिरा म्हणजे आधीचा मालक, गोया नव्हे!

चित्रकार सतीश गुजराल यांच्याही वाट्याला हा सोपा अर्थ आला. जन्म 1925चा, झेलमचा. लहानपणी काश्मीरमध्ये पुलावरून पडले, त्यानंतरच्या आजारपणात ऐकू येणे गेले, पायावर शस्त्रक्रिया झाल्या. लाहोरमधल्या कलाशिक्षणानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आले, पण प्रकृतीमुळे शिक्षण अर्धवट सुटले. मग फाळणी. निर्वासितांचे हाल त्यांनी जवळून पाहिले. त्या काळच्या चित्रांत बायका वाकलेल्या, वस्त्रांच्या जाड चुण्यांत गुरफटलेल्या दिसतात. त्यांचा आक्रोश पाठीच्या बाकात आणि आवळलेल्या बोटांत आहे. समोरच्याचे बोलणे त्याच्या ओठांवरून, हातांवरून ओळखणाऱ्या डोळ्यांना देहाची ही भाषा अधिक नेमकी दिसली असावी, असे मला वाटते. विषय फाळणीने दिला. बहिरेपणाने काही दिले असेल, तर ही पाहण्याची रीत.

1952मध्ये ते मेक्सिकोला गेले. रिवेरा आणि सिकेरोस या तिथल्या भित्तिचित्रकारांच्या सहवासात भित्तिचित्राचा आवाका त्यांना उमगला. पुढे फाळणी मागे पडली. सिरॅमिकची म्युरल्स झाली, जळक्या लाकडाची शिल्पे झाली, आणि वास्तुशास्त्राची पदवी नसताना दिल्लीतला बेल्जियमचा विटांचा दूतावासही उभा राहिला. उतारवयातले त्यांचे नक्षीदार कॅनव्हास मात्र मला सजावटीपलीकडे जाताना दिसत नाहीत. आघाताची कहाणी त्यांना तारू शकत नाही, आणि तिने तारूही नये.

बहिरेपणाने चित्रकाराला काय दिले, हा प्रश्नच आज क्रिस्टीन सन किम उलटा करते. कॅलिफोर्नियात जन्मलेली, बर्लिनमध्ये राहणारी ही कर्णबधिर चित्रकर्ती 2019च्या न्यूयॉर्कमधल्या व्हिटनी बिएनाले या कलाप्रदर्शनात कोळशाने काढलेले कोन घेऊन आली. लघुकोन, काटकोन, विशालकोन, थेट पूर्ण वर्तुळापर्यंत. प्रत्येक कोन म्हणजे तिच्या संतापाची एकेक पायरी. शाळेतल्या भूमितीच्या वहीसारखा हा मामला हसवतो, आणि हसता हसता ऐकू येणाऱ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. तिचा राग कानांवर नाही. दुभाष्याचे पैसे कलावंताच्या मानधनातून वळते करू पाहणाऱ्या कलाव्यवहारावर आहे.

आपल्या गॅलऱ्यांनी एवढे तरी करावे: उद्घाटनाला आणि चर्चेला सांकेतिक भाषेचा दुभाषा ठेवावा, आणि त्याचे मानधन स्वतःच्या खिशातून द्यावे.